हृदयातील छिद्र आणि पक्षाघात : कारण कोणते, निमित्त कोणते?

(सुवर्णमहोत्सवी वर्षातील आरोग्यविषयक व्याख्यानाचे शब्दांकन)



पन्नास वर्षे चाललेल्या कोणत्याही धर्मादाय न्यासाच्या दफ्तरात वैद्यकीय मदतीसाठी आलेल्या अर्जांची एक जाडजूड फाइल असतेच. अलीकडे अशा अर्जांमध्ये एक वाक्य अधूनमधून दिसू लागले आहे : ‘रुग्णाच्या हृदयाला छिद्र आहे, म्हणून त्याला लकवा झाला, ते छिद्र बंद करावयाचे आहे.’ वाक्य साधे आहे आणि वाचणाऱ्याचे मन हेलावून टाकणारेही आहे. घरातील तिशी-पस्तिशीचा कर्ता मुलगा एका सकाळी उजवा हात उचलू शकत नाही, बोलताना शब्द अडखळतात, आणि आठ दिवसांनी तपासणीत हृदयात छिद्र सापडते. कुटुंबाला वाटते, अखेर चोर सापडला.

या वाक्याचे दोन भाग आहेत. छिद्र आहे, हा पहिला भाग; पक्षाघात झाला, हा दुसरा. दोन्ही भाग स्वतंत्रपणे खरे असू शकतात. परंतु त्या दोहोंना जोडणारा ‘म्हणून’ हा छोटासा शब्द खरा आहे काय, हे ठरविण्यासाठी वैद्यकशास्त्राला अनेक दशके खर्च करावी लागली. आजच्या व्याख्यानाचा विषय तो एकच शब्द आहे. कारण तो खरा ठरला तर एका छोट्या उपचाराने रुग्णाचा पुढील पक्षाघात टळू शकतो; आणि तो खोटा असूनही खरा मानला गेला तर खरे कारण मोकळेच राहते.

गर्भातील दार

प्रथम हे छिद्र म्हणजे काय, ते समजून घेणे अगत्याचे आहे. गर्भाशयातील बाळ फुप्फुसांनी श्वास घेत नाही. त्याला प्राणवायू मिळतो तो आईच्या रक्तातून, वार आणि नाळ यांच्या मार्गाने. हे प्राणवायुयुक्त रक्त बाळाच्या हृदयाच्या उजव्या वरच्या कप्प्यात येते. ते फुप्फुसांकडे पाठविण्यात अर्थ नसतो. म्हणून निसर्गाने उजव्या आणि डाव्या वरच्या कप्प्यांमधील पडद्यात एक दार ठेवले आहे. त्या दारातून रक्त थेट डावीकडे जाते आणि तेथून मेंदूला व सर्व शरीराला मिळते. वैद्यकीय परिभाषेत या दाराला ‘फोरामेन ओव्हेल’ म्हणतात.

बाळ जन्मते, पहिला श्वास घेते, फुप्फुसे फुलतात आणि डाव्या कप्प्यातील दाब उजव्यापेक्षा अधिक होतो. त्या दाबाने दाराची झडप आपोआप मिटते आणि पुढे बहुतेकांमध्ये ती पडद्याला कायमची चिकटून जाते. सुमारे चारांपैकी एका व्यक्तीत मात्र ती मिटते, पण चिकटत नाही. अशा न चिकटलेल्या दाराला ‘पेटंट फोरामेन ओव्हेल’, संक्षेपाने ‘पीएफओ’, असे नाव आहे. अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये शवविच्छेदनातील ९६५ हृदयांचा अभ्यास होऊन तो १९८४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात २७.३ टक्के हृदयांमध्ये हे दार उघडे आढळले; त्याचा सरासरी व्यास जेमतेम ४.९ मिलिमीटर होता. ज्यांची हृदये तपासली, ती माणसे हृदयविकाराने ग्रासलेली नव्हती. म्हणजेच या सभागृहात शंभर जण बसले असतील, तर त्यांतील पंचवीसेक जणांच्या हृदयात हे दार आजही असेल, आणि बहुतेकांना ते आयुष्यभर कळणारही नाही.

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. लहान मुलांच्या हृदयातील ज्या छिद्रासाठी शस्त्रक्रिया करावी लागते, ते छिद्र वेगळे. तेथे पडद्याचा काही भाग मुळात तयारच झालेला नसतो आणि रक्त त्यातून सतत वाहत राहते. पीएफओमध्ये पडदा पूर्ण असतो. फक्त झडप चिकटलेली नसते. तो रोग नव्हे, गर्भावस्थेतील सोयीचा उरलेला अवशेष आहे.

उलट्या वाटेने आलेली गुठळी

मग या निरुपद्रवी दाराचा मेंदूशी संबंध कसा येतो? पायाच्या किंवा ओटीपोटाच्या शिरांमध्ये कधी कधी रक्ताची गुठळी होते. ती सुटली तर रक्ताबरोबर हृदयाच्या उजव्या बाजूला येते आणि तेथून फुप्फुसांत जाते. फुप्फुसातील केशवाहिन्यांचे जाळे हे एखाद्या गाळणीसारखे काम करते. गुठळी लहान असेल तर ती तेथेच अडकून विरघळते, मेंदूपर्यंत पोहोचत नाही.

परंतु खोकताना, शिंकताना, जड वजन उचलताना किंवा शौचाच्या वेळी कुंथताना उजव्या कप्प्यातील दाब क्षणभर वाढतो. न चिकटलेली झडप त्या क्षणी उघडू शकते. नेमक्या त्याच क्षणी गुठळी तेथे असेल, तर ती गाळणी चुकवून डावीकडे जाते आणि मेंदूच्या रोहिणीत जाऊन अडकते. शिरेतील गुठळीने रोहिणीचा मार्ग बंद व्हावा, ही गोष्ट वरकरणी विसंगत. म्हणून तिला विरोधाभासी गुठळी असे म्हटले गेले. जर्मन विकृतिशास्त्रज्ञ यूलियस कोनहाइम यांनी १८७७ मध्ये एका तरुण स्त्रीच्या बाबतीत या घटनेचे वर्णन केले आहे. म्हणजे ‘असे घडू शकते’, हे सुमारे दीडशे वर्षांपासून ठाऊक आहे. ‘या रुग्णात असेच घडले काय’, हा प्रश्न त्याहून पुष्कळ अवघड आहे.

निष्पाप शेजारी

रक्तपुरवठा बंद पडून होणाऱ्या पक्षाघाताची कारणे अनेक. १९९३ मध्ये अमेरिकेतील एका औषधचाचणीच्या निमित्ताने ‘टोस्ट’ नावाचे वर्गीकरण तयार झाले. ते आजही जगभर वापरात आहे. त्यात पाच वर्ग आहेत : मोठ्या रोहिण्या चरबीने अरुंद होणे, हृदयातून गुठळी जाणे, मेंदूतील सूक्ष्म रक्तवाहिन्या बंद होणे, इतर निश्चित कारण, आणि पाचवा वर्ग, कारण न सापडणे. हा पाचवा वर्ग मुळीच लहान नाही. अशा पक्षाघातांपैकी सुमारे एक चतुर्थांश रुग्ण त्यात जातात.

१९८८ मध्ये फ्रान्समधील संशोधकांनी पंचावन्न वर्षांखालील पक्षाघाताच्या रुग्णांची तपासणी केली. त्यांच्यापैकी ४० टक्क्यांत पीएफओ सापडला. तुलनेसाठी घेतलेल्या निरोगी व्यक्तींत तो १० टक्के होता. ज्यांच्या पक्षाघाताचे दुसरे कारण सापडत नव्हते, त्यांच्यात तर तो निम्म्याहून अधिकांत होता. या निष्कर्षाने मोठी खळबळ उडाली आणि पुढील काही वर्षांत छिद्र बंद करण्याचा उत्साह वाढला.

तथापि गणित शांतपणे मांडले पाहिजे. जी गोष्ट चारांपैकी एका माणसात असते, ती पक्षाघाताच्या चारांपैकी एका रुग्णातही योगायोगाने असणारच. ज्याचा रक्तदाब वीस वर्षे अनियंत्रित आहे, मधुमेह आहे, तंबाखू सुटलेली नाही, त्याला पक्षाघात झाला आणि इकोमध्ये छिद्र दिसले, तर ते छिद्र निष्पाप शेजारी असण्याचीच शक्यता अधिक. घरात चोरी झाली त्या दिवशी शेजारचे दार उघडे होते, एवढ्यावरून शेजाऱ्याला दोषी ठरविता येत नाही.

दोन सुप्रसिद्ध रुग्ण

या संदर्भात जगभर गाजलेली दोन नावे सांगण्यासारखी आहेत. दोघेही एकाच वर्षातले आहेत.

टेडी ब्रुस्की हे अमेरिकन फुटबॉलमधील नामांकित खेळाडू. फेब्रुवारी २००५ मध्ये, वयाच्या ३१ व्या वर्षी, हवाई बेटांवरील सामना खेळून परतल्यानंतर थोड्याच दिवसांत त्यांना पक्षाघात झाला. तपासणीत हृदयातील छिद्र सापडले. ते बंद करण्यात आले आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ते पुन्हा मैदानात उतरले.

दुसरे रुग्ण इस्रायलचे तत्कालीन पंतप्रधान एरियल शेरॉन. १८ डिसेंबर २००५ रोजी, वयाच्या ७७ व्या वर्षी, त्यांना सौम्य पक्षाघात झाला. त्यांच्याही हृदयात छोटे छिद्र आढळले. ते बंद करण्यासाठी ५ जानेवारी २००६ हा दिवस ठरला आणि मधल्या काळात गुठळी होऊ नये म्हणून रक्त पातळ ठेवणारे औषध सुरू करण्यात आले. परंतु आदल्याच दिवशी, ४ जानेवारीला, मेंदूत मोठा रक्तस्राव झाला. ते पुन्हा शुद्धीवर आले नाहीत. ११ जानेवारी २०१४ रोजी त्यांचे निधन झाले. त्या रक्तस्रावात औषधाचा वाटा किती आणि मेंदूतील जुन्या रक्तवाहिन्यांचा किती, यावर वैद्यकजगतात पुष्कळ चर्चा झाली.

दोघांच्याही निदानपत्रिकेवर पक्षाघात आणि छिद्र हे दोन शब्द होते. पण एकाचे वय ३१ आणि दुसऱ्याचे ७७. केवळ छिद्र दिसले म्हणून दोघांना एकाच वर्गात बसविणे योग्य ठरेल काय? त्या काळी याचे उत्तर देणारे मोजमाप उपलब्ध नव्हते. ते पुढील दीड दशकात तयार झाले.

‘रोप’ गुणांक

अमेरिकेतील संशोधक डेव्हिड केंट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये ‘रोप’ या नावाचा गुणांक मांडला. कारण न सापडलेल्या पक्षाघाताच्या रुग्णात सापडलेले छिद्र हे दोषी असण्याची शक्यता किती, हे त्यावरून अजमावता येते. एकूण गुण दहा. उच्च रक्तदाब नसेल तर एक, मधुमेह नसेल तर एक, पूर्वी पक्षाघात वा त्याचा तात्पुरता झटका आलेला नसेल तर एक, धूम्रपान नसेल तर एक, आणि मेंदूच्या चित्रात बाह्य आवरणाच्या भागात इजा दिसत असेल तर एक गुण. उरलेले पाच गुण वयाचे : १८ ते २९ वयाला पाच, तिशीत चार, चाळिशीत तीन, पन्नाशीत दोन, साठीत एक आणि सत्तरीनंतर शून्य.

यातील तत्त्व सोपे आहे. पक्षाघाताची नेहमीची कारणे जितकी कमी, तितका छिद्रावरील संशय बळकट.

उदाहरणादाखल दोन काल्पनिक रुग्ण घेऊ. पहिला ३४ वर्षांचा, कोणताही आजार नाही, व्यसन नाही, इजा मेंदूच्या बाह्य भागात. त्याचे गुण नऊ. दुसरे ६४ वर्षांचे, रक्तदाब आणि मधुमेह दोन्ही, धूम्रपान नाही, पूर्वी झटका नाही, इजा मेंदूच्या आतल्या भागात. त्यांचे गुण तीन. मूळ अभ्यासानुसार नऊ किंवा दहा गुण असलेल्यांमध्ये पक्षाघाताचे श्रेय छिद्राला जाण्याचे प्रमाण सुमारे ८८ टक्के. तीन किंवा त्याहून कमी गुण असलेल्यांमध्ये शून्य. छिद्र दोघांतही आहे; परंतु ‘म्हणून’ हा शब्द पहिल्याच्या बाबतीत बहुतांशी खरा, दुसऱ्यांच्या बाबतीत बहुधा खोटा.

याच अभ्यासातील आणखी एक निष्कर्ष ध्यानात ठेवण्याजोगा आहे. ज्यांच्या बाबतीत छिद्र दोषी असण्याची शक्यता सर्वाधिक, त्यांना दोन वर्षांत पुन्हा झटका येण्याचे प्रमाण सर्वांत कमी, सुमारे २ टक्के. आणि ज्यांचे गुण तीन किंवा कमी, त्यांच्यात ते सुमारे २० टक्के. तरुण रुग्णाच्या कुटुंबाने घाबरून रातोरात निर्णय घेण्याचे कारण नाही. उलट ज्येष्ठांच्या बाबतीत मात्र रक्तदाब, साखर आणि हृदयाची लय यांकडे क्षणभरही दुर्लक्ष करता कामा नये.

छिद्र बंद करावे काय?

छिद्र बंद करण्यासाठी छाती उघडावी लागत नाही. जांघेतील शिरेतून नळी हृदयापर्यंत नेतात आणि दोन चकत्यांचे एक उपकरण पडद्याच्या दोन्ही बाजूंनी बसवितात. निकेल आणि टायटॅनियम यांच्या मिश्रधातूच्या तारांचे ते असते. काही महिन्यांत त्यावर शरीराचीच पेशीस्तरे वाढतात आणि दार कायमचे बंद होते.

उपाय सुटसुटीत असला तरी त्याचा उपयोग सिद्ध होण्यास वेळ लागला. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ९०९ रुग्णांच्या पहिल्या मोठ्या चाचणीत उपकरण आणि औषधे यांत लक्षणीय फरक दिसला नाही. २०१३ मधील दोन चाचण्यांतूनही निर्णायक उत्तर मिळाले नाही. अनेकांनी हा उपचार बाद ठरविला. परंतु सप्टेंबर २०१७ मध्ये एकाच वेळी तीन चाचण्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि चित्र पालटले. त्यांतील फ्रान्समधील चाचणीत केवळ निवडक रुग्ण घेतले होते : ज्यांच्या छिद्रातून बरेच रक्त जात होते किंवा ज्यांचा पडदा सैल होता असेच. सरासरी सुमारे पाच वर्षांत, छिद्र बंद केलेल्या २३८ रुग्णांपैकी एकालाही पुन्हा पक्षाघात झाला नाही. केवळ गोळ्या घेणाऱ्या २३५ रुग्णांपैकी १४ जणांना झाला.

आधीच्या आणि नंतरच्या चाचण्यांत असा फरक का पडला? त्याला कारणे अनेक आहेत. उपकरणे निराळी होती, काही चाचण्यांत रुग्णांवर अधिक काळ लक्ष ठेवले गेले. परंतु एक मोठे कारण म्हणजे रुग्णांची निवड. ज्यांचे छिद्र निष्पाप होते तेही मोजणीत धरले की खऱ्या लाभार्थींचा लाभ झाकला जातो. उपचार चांगला की वाईट, हा प्रश्नच अपुरा होता. कोणासाठी चांगला, असे विचारावयास हवे होते.

‘पास्कल’ वर्गीकरण

या प्रश्नाला २०२० मध्ये व्यवस्थित रूप मिळाले. तज्ज्ञांच्या एका गटाने सुचविले की, अशा रुग्णांना ‘कारण न सापडलेले’ म्हणून सोडून न देता ‘पीएफओशी संबंधित पक्षाघात’ असा स्वतंत्र वर्ग करावा आणि त्यात संबंधाच्या पायऱ्या ठरवाव्यात. या पद्धतीला ‘पास्कल’ हे नाव आहे.

तीत दोन गोष्टी एकत्र पाहिल्या जातात. पहिली, रुग्णाचा ‘रोप’ गुणांक सात किंवा अधिक आहे काय. दुसरी, छिद्राची रचना धोक्याची आहे काय. रचना पाहण्यासाठी शिरेतून सूक्ष्म बुडबुडे असलेले सलाईन देऊन इको करतात आणि रुग्णाला कुंथावयास सांगतात. वीसपेक्षा अधिक बुडबुडे डाव्या कप्प्यात दिसले, किंवा पडदा सैल असून ठोक्यागणिक दहा मिलिमीटर वा अधिक हेलकावत असेल, तर रचना धोक्याची समजतात. दोन्ही गोष्टी असतील तर संबंध ‘संभाव्य’. एकच असेल तर ‘शक्य’. दोन्ही नसतील तर ‘असंभाव्य’. पक्षाघातापूर्वी पायाच्या शिरेत किंवा फुप्फुसात गुठळी झाल्याचा पुरावा असून रचनाही धोक्याची असेल, तर रुग्ण एक पायरी वर जातो; आणि गुठळी प्रत्यक्ष छिद्रातच अडकलेली दिसली, तर संबंध ‘निश्चित’.

या पायऱ्या कागदावरच राहिल्या नाहीत. २०२१ मध्ये सहा चाचण्यांमधील ३,७४० रुग्णांची माहिती एकत्र करून त्यांची पडताळणी झाली. सर्व रुग्ण एकत्र धरले तर पुन्हा पक्षाघात होण्याचे वार्षिक प्रमाण औषधांवर १.०९ टक्के आणि छिद्र बंद केल्यावर ०.४७ टक्के होते. वर्गवारी केल्यावर मात्र तीन निराळी उत्तरे मिळाली. ‘संभाव्य’ वर्गात धोका सुमारे ९० टक्क्यांनी घटला. ‘शक्य’ वर्गात सुमारे ६२ टक्क्यांनी. आणि ‘असंभाव्य’ वर्गात काहीच लाभ दिसला नाही. एवढेच नव्हे, तर उपकरण बसविल्यानंतर काही काळाने हृदयाची लय बिघडण्याचा त्रास याच शेवटच्या वर्गात सर्वाधिक आढळला. ज्यांना लाभ नाही, त्यांनाच उपद्रव अधिक. वर्गीकरण हा शास्त्रज्ञांचा कोरडा छंद नाही, हे यावरून पटावे.

हेही सांगितले पाहिजे की, या चाचण्यांतील बहुतेक रुग्ण साठ वर्षांपर्यंतचे होते. त्यापुढील वयात हे निष्कर्ष जसेच्या तसे लागू करता येत नाहीत.

जैन विचाराच्या प्रकाशात

जैन तत्त्वचिंतनाशी परिचित असलेल्या श्रोत्यांना ही विचारपद्धती अनोळखी वाटणार नाही. कार्याची मीमांसा करताना जैन आचार्यांनी उपादान आणि निमित्त असा भेद केला. दार उघडे असणे हे फार तर निमित्त आहे. शिरेत गुठळी झाली नाही तर ते दार जन्मभर उघडे राहूनही काही करीत नाही. म्हणूनच छिद्र बंद केले तरी गुठळी का झाली, याचा शोध संपत नाही.

स्याद्वाद हा संशयवाद नव्हे, ही गोष्ट समाजात वारंवार सांगावी लागते. ‘स्यात्’ म्हणजे ‘कदाचित’ असे डळमळीत उत्तर नव्हे. ‘अमुक अपेक्षेने’ असे नेमके उत्तर. छिद्र हे पक्षाघाताचे कारण आहे काय? या वयाच्या, या रचनेच्या, इतर कारणे नसलेल्या रुग्णाच्या अपेक्षेने, आहे. त्या वयाच्या, त्या आजारांच्या रुग्णाच्या अपेक्षेने, नाही. दोन्ही विधाने एकाच वेळी सत्य आहेत आणि त्यांत विसंगती नाही. विसंगती निर्माण होते ती ‘छिद्र म्हणजे कारणच’ किंवा ‘छिद्र म्हणजे काहीच नाही’ या एकांती आग्रहाने. वैद्यकशास्त्राने काही काळ पहिला आग्रह धरला, काही काळ दुसरा. आणि शेवटी अपेक्षा स्पष्ट करणाऱ्या वर्गीकरणापाशी ते स्थिरावले.

कुटुंबाने विचारावयाचे प्रश्न

या विवेचनाचा व्यवहारात उपयोग व्हावा, म्हणून छिद्र बंद करण्याचा सल्ला मिळालेल्या कुटुंबाने डॉक्टरांना पाच प्रश्न नम्रपणे विचारावेत. मदतीचा अर्ज तपासणाऱ्या कार्यकर्त्यांनाही ते मार्गदर्शक ठरतील.

१. पक्षाघाताची इतर कारणे तपासली काय? मानेतील व मेंदूतील रोहिण्यांचे चित्र, रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल, आणि हृदयाची अनियमित लय शोधण्यासाठी दीर्घकाळ केलेली ईसीजी नोंद.

२. रुग्णाचा ‘रोप’ गुणांक किती?

३. छिद्रातून जाणारे बुडबुडे किती आणि पडदा सैल आहे काय?

४. ‘पास्कल’ पद्धतीने रुग्ण कोणत्या वर्गात येतो?

५. हा निर्णय मेंदूविकारतज्ज्ञ आणि हृदयरोगतज्ज्ञ या दोघांनी मिळून घेतला आहे काय?

उत्तरे समाधानकारक असतील तर तरुण रुग्णाच्या उपचारात पैशाअभावी खंड पडू नये, हे समाजाचे कर्तव्य आहे. उत्तरे तशी नसतील, तर तीच रक्कम रक्तदाबाची औषधे, नियमित तपासण्या आणि फिजिओथेरपी यांवर खर्च करणे अधिक हिताचे. आणखी एक गोष्ट : ज्याला पक्षाघात झालेलाच नाही, अशा निरोगी माणसात दुसऱ्या कारणासाठी केलेल्या तपासणीत असे छिद्र सापडले, तर सामान्यतः त्यासाठी कोणत्याही उपचाराची गरज नसते. आरोग्य शिबिरांत सरसकट असे छिद्र शोधणे म्हणजे चारांपैकी एका घरात विनाकारण भीती पोहोचविणे होय.

व्रत, यात्रा आणि सावधता

दार सर्वांना बंद करता येत नाही. पण गुठळी होऊ नये याची काळजी प्रत्येकाला घेता येते. सम्मेदशिखर, पालीताणा किंवा श्रवणबेळगोळ येथील यात्रेसाठी बसने, रेल्वेने तासन् तास बसून प्रवास होतो. अशा वेळी दर दीड-दोन तासांनी उठून चालावे, बसल्या जागी पावले वर-खाली हलवावीत, पाणी पुरेसे प्यावे. बाळंतपणानंतरचे आठवडे, मोठी शस्त्रक्रिया, हाड मोडून अंथरुणावर पडणे आणि काही गर्भनिरोधक गोळ्या यांमुळे शिरेत गुठळी होण्याचा धोका वाढतो.

पर्युषण किंवा दशलक्षण पर्वातील तपश्चर्या हा श्रद्धेचा विषय आहे आणि तिचा आदर राखूनच हे सांगावयाचे आहे. ज्यांना पूर्वी पक्षाघात झाला आहे, ज्यांना रक्त पातळ ठेवणारी औषधे चालू आहेत, त्यांनी उपवास, विशेषतः निर्जळी उपवास, सुरू करण्यापूर्वी डॉक्टरांचा आणि गुरुजनांचा विचार घ्यावा. औषधाची गोळी आपल्या मनाने बंद करू नये. तप शक्तीनुसार करावे, हीच धर्माची शिकवण आहे. ज्याची शक्ती अन्नत्यागाची नाही, त्याला स्वाध्याय, सामायिक आणि कषायत्याग ही तपे खुली आहेत.

शेवटी, वर्गीकरण नंतरचे. पहिले काम रुग्णालयात पोहोचण्याचे. चेहरा एका बाजूला वाकडा होणे, हात किंवा पाय एकाएकी लुळा पडणे, बोलणे अडखळणे, यांपैकी एक जरी लक्षण दिसले तरी घरगुती उपायांत वेळ घालवू नये. गुठळी विरघळविणारे इंजेक्शन सामान्यतः पहिल्या साडेचार तासांतच देता येते, आणि जितके लवकर द्यावे तितका मेंदूचा अधिक भाग वाचतो. निवडक रुग्णांत नळीद्वारे गुठळी काढण्याचा उपचार चोवीस तासांपर्यंतही करता येतो. परंतु त्या आशेवर घरी थांबणे योग्य नव्हे. लक्षणे केव्हा सुरू झाली ती वेळ लिहून ठेवावी आणि जेथे मेंदूच्या स्कॅनची सोय आहे अशाच रुग्णालयात रुग्णाला न्यावे.

जन्माबरोबर मिटावयाचे एक दार काहींच्या हृदयात किलकिले राहते. बहुतेकांना ते काही करीत नाही, थोड्यांना करते. त्या थोड्यांना ओळखणे आणि बाकीच्यांना अकारण भयापासून व अकारण उपचारापासून दूर ठेवणे, हे दोन्ही जीवदयेचेच काम आहे. न्यासाच्या पुढील पन्नास वर्षांत वैद्यकीय मदतीची प्रत्येक फाइल उघडताना ‘म्हणून’ या शब्दापाशी क्षणभर थांबण्याची सवय रुजली, तर समाजाने दिलेला प्रत्येक रुपया योग्य रुग्णापर्यंत पोहोचेल.

॥ जय जिनेंद्र ॥